सूर बदलला, की स्पीड?

गाणं धावतं, कधी रेंगाळतं, कधी मध्येच गटांगळी खातं. दोष कोणाचा? कॉम्प्युटरचा, फाइलचा की चुकून दाबल्या गेलेल्या एका बटणाचा? नवे स्पीकर घ्यायला निघण्याआधी हे वाचा. माळ्यावरच्या खोक्यात जुन्या कॅसेट्स असतील, तर नक्कीच वाचा!

गाणं तेच, स्पीकर तेच, कॉम्प्युटरही कालचाच. पण आज गायक जरा घाईत वाटतोय. किंवा उलट, बिचारा अर्धवट झोपेतून उठून गातोय. आठवडाभर सातपूर-अंबडचं ट्रॅफिक आणि बॉसचे मेल झेलून शनिवारी सकाळी निवांत बसावं, तर हा लोच्या!

असं झालं की आपण दोनपैकी एक गोष्ट करतो. ‘नेट स्लो असेल’ म्हणून सोडून देतो, नाहीतर थेट एम. जी. रोड गाठून नवे स्पीकर घेऊन येतो. दोन्हीचा उपयोग बहुतेक शून्य. नेट स्लो असेल तर गाणं थांबतं आणि गोल चक्र फिरत बसतं. त्याने गायकाचा सूर चढत नाही. आणि स्पीकरला वेग कळतच नाही हो, तो समोर येईल ते वाजवतो.

आता सिनेमाचं एखादं गाणं थोडं पळालं म्हणून कोणाचं काही बिघडत नाही. पण दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून बुटांचा एक खोका खाली येतो. आत कॅसेट्स. एकीवर आजीच्या ओव्या, दुसरीवर कोणाच्या तरी मुंजीतली मंगलाष्टकं, तिसरीवर गोदाघाटावर बसून टू-इन-वनवर टेप केलेलं एखादं व्याख्यान. घरातले ‘कॉम्प्युटरवाले’ तुम्ही, त्यामुळे काम तुमच्याच गळ्यात. तुम्ही हौसेने सगळं पीसीवर घेता, फॅमिली ग्रुपवर टाकता आणि मावशीचा मेसेज येतो : ‘छान आहे रे, पण ही आई वाटत नाही.’

इथे मात्र मामला सीरियस आहे. आजी तर आता परत रेकॉर्डिंग देणार नाही. घरातल्या पुढच्या पिढीसाठी तिचा आवाज म्हणजे हीच फाइल.

तीन सोप्या टेस्ट

सॉफ्टवेअर उघडण्याआधी कान उघडा. पहिला प्रश्न : फक्त स्पीड बदललाय, की सूरही?

बोलणं भराभर चाललंय पण आवाजाची जात तीच आहे, बाई बाईसारखी आणि बुवा बुवासारखा, तर टेन्शन नॉट. हे प्लेअरचं सेटिंग आहे. आजचे प्लेअर सूर जागेवर ठेवून फक्त वेग बदलू शकतात. व्हॉट्सअॅपच्या व्हॉइस मेसेजवर दीडपट किंवा दुप्पट दाबलं की हेच होतं. यूट्यूबवर चाकाच्या चिन्हात जाऊन ‘प्लेबॅक स्पीड’ नॉर्मल करा. व्हीएलसी वापरत असाल तर चौकोनी कंसाच्या कळा स्पीड थोडा-थोडा कमी-जास्त करतात. कीबोर्डवर जेवणाचा डबा ठेवलात की गाणं घसरलंच! तिथे बरोबरच्या चिन्हाची (=) कळ दाबली की गाडी रुळावर.

पण स्पीडबरोबर सूरही चढला असेल, माणसाचा आवाज चिरका किंवा जड झाला असेल, तर गडबड खोलवर आहे. जुन्या रेकॉर्ड प्लेअरवर फिरत्या तबकडीला बोट लावलं की व्हायचं, तसं हे. म्हणजे कुठलं तरी घड्याळ चुकतंय.

दुसरा प्रश्न : गडबड दर वेळी त्याच जागी होते का? मिनिट-सेकंद लिहून ठेवा आणि फाइल पुन्हा वाजवा. त्याच जागी आवाज लोळला तर दोष फाइलमध्येच बसलाय, कॉम्प्युटर बिचारा निर्दोष. दर वेळी वेगळ्या जागी होत असेल, तर मशीनला पकडा. खात्रीसाठी तीच फाइल मोबाइलवर वाजवून बघा.

तिसरा प्रश्न : किती चुकतंय? इथे प्लेअरवरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. काही एमपीथ्री फाइल्स आपली लांबीच चुकीची सांगतात. मोबाइलचं स्टॉपवॉच लावा. चार मिनिटांचं गाणं ३ मिनिटं ४० सेकंदांत संपलं किंवा ४ मिनिटं २१ सेकंद चाललं, तर चोर जवळपास सापडला. त्याचं नाव ‘४४.१ विरुद्ध ४८’. ३ मिनिटं ५० सेकंदांत संपलं, तर चोर दुसरा आहे. तो टीव्हीतून आलाय. त्याच्याकडेही वळू.

४४.१ आणि ४८ चं भांडण

डिजिटल आवाज म्हणजे आवाजाचे दर सेकंदाला घेतलेले हजारो नमुने. १९८२ मध्ये बाजारात आलेल्या सीडीसाठी हा आकडा ठरला ४४,१००. इतका विचित्र आकडा का? कारण सुरुवातीला डिजिटल आवाज साठवायला व्हिडिओ टेप वापरायचे. टीव्हीच्या चित्रातल्या रेघांवर आवाजाचे नमुने बसवायचे. अमेरिकेची ६०ची आणि आपल्याकडची ५०ची, अशा दोन्ही पद्धतींत गणित जुळेल असा आकडा हवा होता. तीन नमुने, २४५ रेघा, ६० वेळा किंवा तीन नमुने, २९४ रेघा, ५० वेळा. दोन्हीचं उत्तर ४४,१००. व्हिडिओच्या धंद्याने मात्र पुढे ४८,००० पसंत केला. तेव्हापासून दोघंही एकाच घरात नांदतायत.

प्रत्येक फाइलच्या सुरुवातीला एक पाटी असते : ‘मला सेकंदाला इतके नमुने या वेगाने वाजव.’ साउंड कार्डाचा वेग वेगळा असेल तर विंडोज किंवा मॅक मध्ये बसून हिशेब जुळवतात. दिवसभर हे गुपचूप चालू असतं, आपल्याला पत्ताही नसतो. घोळ होतो तो पाटी चुकीची असेल तर किंवा ती वाचणारा चुकला तर. एखाद्या अपडेटनंतर साउंडचा ड्रायव्हर बिनसतो. रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर ४८ धरून बसतं आणि समोरचं यंत्र ४४.१ देतं. किंवा फाइल कन्व्हर्ट करताना कोणीतरी भलतीच पाटी लावतं.

मग ४४,१०० ची फाइल ४८,०००च्या वेगाने पळते. म्हणजे जवळजवळ नऊ टक्के जास्त. हार्मोनियमच्या भाषेत सांगायचं तर काळी एकमध्ये गाणारा माणूस पांढरी दोन ओलांडून काळी दोनच्या अलीकडे कुठेतरी लटकतो. ना इकडचा, ना तिकडचा. पेटीवाल्याला विचारलंत तर तो कानाला हात लावेल!

उपाय साधा आहे, फक्त क्रमाने करा :

* विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, मग सिस्टिम, मग साउंड. तिथे आपल्या स्पीकरवर क्लिक करून ‘फॉरमॅट’ बघा. ४४,१०० आणि ४८,००० दोन्ही ठेवून फरक पडतो का पाहा. मॅकवर हेच काम ‘ऑडिओ मिडी सेटअप’मध्ये होतं.
* तिथलेच ‘ऑडिओ एन्हान्समेंट्स’ बंद करा. ‘कॉन्सर्ट हॉल’ वगैरे इफेक्टचे लाड नंतर.
* रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमधला आकडा आणि कॉम्प्युटरमधला आकडा एकच ठेवा.
* साउंड ड्रायव्हर बोर्ड किंवा लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून नव्याने टाका. अपडेटनंतरच बिघडलं असेल तर आधीच्या ड्रायव्हरवर परत जा.
* गडबड दर वेळी वेगळ्या जागी होत असेल तर ब्लूटूथ बंद करून वायरचा हेडफोन लावा. यूएसबी साउंड कार्ड हबमधून काढून थेट पीसीच्या मागच्या पोर्टला जोडा. पॉवर सेव्हर मोड बंद करा आणि ब्राउझरमधले ते चाळीस टॅब्ज मिटा, प्लीज!

आपण सगळे घाईतली गाणी ऐकत वाढलो

आता तो दुसरा चोर. सिनेमा थिएटरमध्ये सेकंदाला २४ चित्रांनी चालतो. आपल्या टीव्हीची ‘पाल’ पद्धत २५ चित्रांची. मग सिनेमा टीव्हीवर दाखवायचा कसा? सरळ उपाय असा, की रीळ २५च्या वेगाने पळवायचं. चार टक्के जास्त. अडीच तासांचा सिनेमा १४४ मिनिटांत आटोपायचा आणि आवाजही त्याच प्रमाणात चढायचा. हार्मोनियमच्या दोन शेजारच्या पट्ट्यांमधलं जे अंतर असतं, त्याच्या साधारण ७० टक्के.

त्यामुळे रविवारी टीव्हीवर पाहिलेल्या सिनेमातलं गाणं आणि त्याच गाण्याची कॅसेट यांचा सूर अनेकदा जुळायचा नाही. व्हीसीडीचीही तीच गत. आज कोणी जुन्या व्हीसीडीवरून काढलेली गाणी पेन ड्राइव्हवर देतं आणि ती मूळ रेकॉर्डशेजारी ठेवली की कान टवकारतात, त्याचं एक कारण हे. तुमचा पीसी ठणठणीत आहे. चूक फाइलमध्ये खूप आधीच शिरलीय.

अशा चुका मोठ्यांच्या घरीही झाल्यात. माइल्स डेव्हिसचा ‘काइंड ऑफ ब्लू’ हा १९५९ चा अल्बम जाझच्या दुनियेत अजरामर मानला जातो. त्याच्या पहिल्या बाजूची तिन्ही गाणी रेकॉर्ड होताना टेप मशीन किंचित हळू चालत होतं. त्यामुळे तबकडीवर ती किंचित वेगात आणि चढ्या सुरात वाजत राहिली. जगभर लोक त्या रेकॉर्डबरोबर आपलं वाद्य जुळवायला बसले आणि स्वतःलाच बेसूर समजले असतील! सुधारलेली आवृत्ती आली १९९२ मध्ये. ३३ वर्षांनी. ती दुरुस्त करता आली कारण त्याच सत्रात दुसरं एक मशीनही चालू होतं आणि त्याचा वेग बरोबर होता. आपल्या घरच्या कॅसेटला असा जुळा भाऊ नसतो.

फाळके ते पलुस्कर

वेगाचं हे दुखणं नाशिकला नवं नाही. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ आणला आणि पुढे नाशिकलाच आपला कारखाना थाटला, तेव्हा कॅमेरा हाताने फिरवायचा असे. सेकंदाला किती चित्रं, हे फिरवणाऱ्याच्या मनगटावर. प्रोजेक्टरवाल्याचं मनगट वेगळं. म्हणून त्या काळचे मूकपट आज कधीकधी लगबगीने चाललेले दिसतात. लोक हसतात आणि पुढे बघतात. डोळा तेवढी माफी देतो.

कान देत नाही. १९३१ मध्ये ‘आलम आरा’ आला, पडदा बोलू-गाऊ लागला आणि मनगटाची सद्दी संपली. आवाज चित्रपटाच्या पट्टीवरच छापलेला, त्यामुळे वेग हलला की सूर हलणार. सेकंदाला २४ हा आकडा पक्का झाला तो आवाजामुळे. मूकपट म्हणून बनवलेल्या ‘सेतुबंधन’ला फाळक्यांनाही मागाहून आवाज जोडावा लागला.

गाण्याच्या तबकड्यांची कथा तशीच. आपण सरसकट ‘७८ ची रेकॉर्ड’ म्हणतो, पण सुरुवातीच्या तबकड्या नेमक्या ७८ फेऱ्यांवर कापलेल्याच होत्या असं नाही. मिनिटाला काही फेऱ्या कमी, काही जास्त. पंचवटीत आश्रम काढणाऱ्या विष्णु दिगंबर पलुस्करांचे चिरंजीव दत्तात्रेय विष्णु पलुस्कर १९५५ मध्ये गेले, वयाच्या अवघ्या ३४ व्या वर्षी. त्यांना समोर बसून ऐकलेली माणसं आता कुठे शोधणार? आपल्यापर्यंत आलेत ते त्यांचे ध्वनिमुद्रित सूर. अशी जुनी रेकॉर्ड कोणी कॉम्प्युटरवर घेताना वेगात चुकलं, तर ऐकणाऱ्याला कळायलाही मार्ग नाही. त्याच्या लेखी तोच पलुस्करांचा आवाज.

आजीचंही तेच.

खोका उघडल्यावर

कॅसेटची फीत सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर सरकते. निदान तशी सरकायला हवी. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या डेकचा रबरी पट्टा सैल होतो, रोलर चिकट होतो आणि आवाज लाटेवर बसल्यासारखा वर-खाली होतो. म्हणून आधी डेक दुरुस्त करून घ्या. हेड आणि रोलर कापसाच्या बोळ्याने, आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा. कॅसेट एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे फिरवा, म्हणजे चिकटलेली फीत मोकळी होते.

डेकवर आधी बाजारात मिळणारी, ओळखीच्या गाण्यांची एखादी कॅसेट लावा. ती नीट वाजली तर डेक बरा आहे. तीच चिरकत असेल तर आजीच्या कॅसेटला हातही लावू नका.

डेकची वायर पीसीच्या मागच्या निळ्या भोकात, म्हणजे लाइन-इनमध्ये. गुलाबी भोक माइकचं, तिथे आवाज फाटतो. सेव्ह करताना आधी डब्ल्यूएव्ही फाइल. साठ मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू स्टिरिओमध्ये साधारण ३२० एमबी होते. आजच्या हार्ड डिस्कला हे म्हणजे समुद्रात चमचाभर पाणी. एमपीथ्री नंतर काढता येते.

डेक बरा आहे, आकडे जुळलेत आणि तरीही आवाज बारीकच? मग रेकॉर्डिंगच्या दिवशी काय झालं असेल, त्याचा विचार करा. बऱ्याचदा उत्तर असतं, सेल! टू-इन-वनचे सेल उतरायला आले की फीत हळू सरकते. रेकॉर्डिंग करताना कोणाला काही कळत नाही. पण नंतर तीच फीत योग्य वेगाने वाजवली की आवाज धावतो. ओव्यांची सुरुवात ठीक, शेवटी आजी लहान मुलीसारखी, असं असेल तर हेच झालंय. अशा वेळी सगळ्या फाइलला एकच औषध देऊन चालत नाही. तुकडे पाडून प्रत्येकाचा वेग वेगळा सुधारावा लागतो. ऑडॅसिटी हे फुकट सॉफ्टवेअर त्यासाठी पुरेसं आहे. फक्त त्यात स्पीड आणि सूर एकत्र बदलणारा पर्याय घ्या. सूर जागेवर ठेवून टेम्पो बदलणारा नको.

किती सुधारायचं, हे ठरवायला दोन खुणा आहेत. ओव्या-भजनाच्या मागे पेटी वाजत असेल तर तिची पट्टी शोधा. जुन्या पेट्या आजच्या ट्यूनरशी तंतोतंत जुळत नाहीत, पण अंदाज मिळतो. दुसरी खूण विजेची. टेप प्लगवर चालवला असेल तर मागे बारीक गुणगुण असते, आपल्या विजेच्या ५० च्या कंपनाची किंवा तिच्या दुप्पट, १०० ची. ऑडॅसिटीत ‘प्लॉट स्पेक्ट्रम’ काढा. ती गुणगुण ५४.४ च्या आसपास दिसली, तर समजा ४४.१-४८ चाच घोळ. मात्र सावध : नेमकी ५० वर दिसणारी गुणगुण आज तुमच्याच वायरिंगने घुसवलेली असू शकते. आणि त्या काळी एकलहऱ्याचं वीज केंद्र शेजारी असलं तरी विजेचं कंपन स्वतःच खाली-वर व्हायचं. तेव्हा ही खूण आहे, निकाल नव्हे.

निकाल कोण देणार?

निकाल देणारं यंत्र बाजारात मिळत नाही, ते घरातच असतं. ज्यांनी त्या माणसाला रोज ऐकलंय, ते कान. म्हणून एका रविवारी आई, मावशी, काका, जे कोणी असतील त्यांना पीसीसमोर बसवा. एकाच ओवीच्या तीन फाइल्स करा : जशी आहे तशी, चार टक्के हळू, आठ टक्के हळू. कुठली कोणती हे सांगू नका. एकेकाला वेगवेगळं ऐकवा, नाहीतर मोठ्या काकांनी हात वर केला की बाकीचे माना डोलावतात. बहुतेकांचं बोट एकाच फाइलवर गेलं तर ती पक्की. नाही गेलं तर मधले टप्पे करून पुन्हा ऐकवा.

मग फाइलला नीट नाव द्या. कोणाचा आवाज, कुठलं घर, साधारण कुठलं साल आणि वेग किती टक्के बदलला, हे सगळं लिहा. मूळ फाइल वेगळी जपून ठेवा, दोन ठिकाणी. आणि ती कॅसेट फेकू नका. उद्या कोणाकडे याहून चांगला डेक, याहून चांगलं सॉफ्टवेअर असेल, तर त्याला पुन्हा सुरुवात करता यायला हवी.

कॅसेटची फीत माळ्यावर आणखी पाच-दहा वर्षं कदाचित तग धरेल. ड्रायव्हर उद्याही डाउनलोड होईल, डेक दुरुस्त करणारा शोधला तर सापडेल. पण ‘हो, अशीच बोलायची ती’ म्हणणारी माणसं सत्तरी-ऐंशीत आहेत आणि त्यांनाही हल्ली जरा कमी ऐकू येतं. खोका पुढच्या दिवाळीपर्यंत परत माळ्यावर टाकण्याआधी तेवढं लक्षात ठेवा, बॉस!